१९७२ ची एमजीबी जीटी: मागचा टक्, घों आणि सैल शेपटी

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबी स्पोर्ट्स कारचं बंद छपराचं रूप. क्रोम बंपर, वायर व्हील (तारांची चाकं), ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स (वेग तोच ठेवून इंजिन हळू फिरू देणारी जोडणी), १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन. मालक डॉक्टरकाका, मूळचे सांगलीचे, सत्तरच्या दशकात इकडे इंग्लंडला आले ते इथलेच झाले, आता रिटायर होऊन वुल्व्हरहॅम्प्टनला असतात. गाडी हिवाळ्यात झाकून ठेवतात आणि ऊन पडलं की बाहेर काढतात. त्यांची तक्रार एका वाक्यात होती, "अरे मागून आवाज येतो आणि गाडी सैल वाटते, डिफ गेलंय म्हणतात." डिफ म्हणजे डिफरन्शियल, मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला, इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच. म्हणतात म्हणजे एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेऊन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा, हाताने इकडून तिकडे फिरवून दाखवला, तो बराच फिरला, आणि त्यावर हजार पौंडाच्या वरचं रिकंडिशन्ड ॲक्सलचं कोटेशन दिलं.

आता मला इथे पहिली गोष्ट सांगायचीय ती अशी की शाफ्ट फिरवून "डिफ गेलं" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं आहे. शाफ्ट फिरतो हे खरं, पण तो किती फिरतो आणि कुणामुळे फिरतो हे मोजता येतं, अगदी घरच्या ड्राइव्हवेवर मोजता येतं, आणि ते मोजल्याशिवाय ॲक्सल खाली उतरवू नये. पूर्ण प्रकरण त्यासाठीच लिहितोय.

आधी ॲक्सलबद्दल थोडं, कारण कुठला ॲक्सल आहे त्यावर बरंच ठरतं. एमजीबी ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० बनली आणि त्यात मागचे ॲक्सल दोन प्रकारचे आले. सुरुवातीच्या रोडस्टरला (उघड्या छपराच्या एमजीबीला) बॅंजो टाइप, म्हणजे डिफ पुढच्या बाजूने पूर्ण बाहेर निघतं. जीटी १९६५ ला आली तीच ट्यूब टाइप ॲक्सल घेऊन, त्याला सॅलिसबरी टाइप पण म्हणतात, आणि रोडस्टरला तो १९६७ च्या सुमारास मिळाला. ट्यूब टाइपला मागे गोल झाकण असतं, ते उघडलं की क्राउन व्हील, म्हणजे डिफचा मोठा गिअर, समोर दिसतं. रेशो दोन्हीत ३.९०९, म्हणजे पिनियन (शाफ्टकडून क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) ११ दात आणि क्राउन ४३. बाकी सगळं जुन्या पद्धतीचं, सलग ॲक्सल, दोन बाजूला कमान पाटे, आर्मस्ट्राँगचे लिव्हर आर्म शॉकॲब्सॉर्बर, ड्रम ब्रेक. ज्यांनी ॲम्बॅसेडरच्या खाली कधी डोकं घातलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, आणि ते साहजिक आहे, ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड आणि तिच्यातलं १४८९ सीसीचं इंजिन पण याच बी-सिरीज घराण्यातलं. काका सांगलीत वडिलांच्या ॲम्बॅसेडरवर शिकलेले, त्यामुळे "क्राउन-पिनियन गेला" हे वाक्य त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून पटकन पटलं पण.

अजून एक, इथे ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, फार बदल केलेले नसतील तर, मे २०१८ पासून एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. ऐकायला छान आहे पण याचा अर्थ असा की वर्षातून एकदा कुणीतरी तिऱ्हाईत माणूस गाडीच्या खाली बॅटरी मारून बघायचा ते बंद झालं. काकांच्या गाडीखाली बरीच वर्षं तेल बदलण्यापलीकडे कुणी बघितलंच नव्हतं. स्वतःहून एमओटी करून घेता येते, आणि माझं मत विचाराल तर घ्यावी.

रस्त्यावर काय ऐकलं

काकांना शेजारी बसवून गाडी मी चालवली. खरं म्हणजे तक्रार एक नव्हतीच, तीन होत्या आणि तिन्ही एकमेकांत मिसळल्या होत्या. एक, ॲक्सलरेटर दाबला किंवा सोडला की मागून टक्, जड लोखंडी आवाज, पहिल्या-दुसऱ्या गिअरला ट्रॅफिकमध्ये सरपटताना तर सारखाच. दोन, साधारण ५० मैलाच्या आसपास एक घों आवाज. तीन, सैलपणा, म्हणजे लांब वळणात ॲक्सलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू किंचित बाहेर सरकते आणि परत दाबला की आत येते, स्टिअरिंग न हलवता गाडी स्वतःच थोडी दिशा बदलते. याला इथले लोक रिअर स्टिअर म्हणतात. काकांना वाटायचं जुन्या गाड्या अशाच चालतात. नाही चालत, बरोबर असलेली एमजीबी सरळ रुळावरून गेल्यासारखी जाते.

घों आवाजाचं आधी बघितलं कारण ते रस्त्यावरच बघता येतं. या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे आणि निदानासाठी ती फार कामाची चीज आहे, लोक वापरत नाहीत याचं नवल वाटतं. चौथ्या गिअरला ५० मैलावर गाडी धरायची आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू-बंद करायचा, वेग तोच ठेवून. इंजिन साधारण २८०० वरून २३०० वर येतं, पण ओव्हरड्राइव्हच्या मागचं सगळं, प्रोपेलर शाफ्ट, पिनियन, क्राउन, चाकं, हे त्याच वेगाने फिरत राहतं. आवाजाची पट्टी इंजिनबरोबर खाली आली तर दोष पुढे, आणि तशीच राहिली तर दोष मागे. आमची तशीच राहिली. म्हणजे घों मागचाच.

मग डावीकडे उजवीकडे हलकं नागमोडी चालवून बघितलं, मोकळ्या रस्त्यावर अर्थातच, भार एका चाकावरून दुसऱ्यावर गेला की चाकाच्या बेअरिंगचा आवाज सहसा बदलतो. इथे काही फरक नाही. पण ॲक्सलरेटरवर मात्र फरक होता, अगदी हलका पाय ठेवला की घों, जोरात दाबला की जवळजवळ गायब, पूर्ण सोडला की वेगळा आणि बारीक. भार बदलला की बदलणारा आवाज दातांचा असतो, म्हणजे क्राउन-पिनियनचा. त्याशिवाय एक सतत भणभण होती ती कशानेच बदलत नव्हती, फक्त वेगाबरोबर वाढायची. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ती बघितली तर मागचे दोन्ही टायर २००८ चे. दिसायला नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर दगड झालेलं आणि कडेचे ठोकळे उंचसखल झिजलेले. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावून परत फेरी मारली तर भणभण पुढे आली. टायर गेले. वीस मिनिटांचं काम आणि एक संशयित कमी झाला. अर्थात टायर एवढे जुने असतील तर आवाज येवो न येवो बदलायलाच पाहिजेत.

खाली

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागून गाडी उचलून ॲक्सलच्या नळीखालीच स्टँड लावले. चेसिसखाली नाही, कारण कमान पाट्यांवर गाडीचं वजन असतानाच काय हलतं ते बघायचंय, ॲक्सल लटकत ठेवला तर सगळं ताणलं जातं आणि ढिलं असलेलं पण घट्ट वाटतं.

पहिल्या नजरेलाच दिसलं की ॲक्सल तेलाने माखलेला. पिनियन सीलमधून (पिनियन जिथे बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं रबर) गळती, आणि तेल नळीवरून ओघळून डाव्या बाजूच्या पाट्यापर्यंत. वरती ॲक्सलला एक छोटा ब्रीदर असतो, गरम झाल्यावर आतली हवा बाहेर जायला, तो बघितला तर कुणीतरी कधीतरी गंज लागू नये म्हणून काळं अंडरसील फवारलेलं होतं त्यात पूर्ण बुजलेला. म्हणजे सगळी साखळी इथून सुरू झालेली, ब्रीदर बंद, आत दाब, दाबाने सीलमधून तेल बाहेर, आणि ते तेल पुढे रबरावर. एमजीबीत पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये रबरी पॅड असतात, डावीकडचे पॅड तेल पिऊन पिऊन लोण्यासारखे झाले होते, बोटाने तुकडा निघत होता. पॅड दबले की यू बोल्टचा, म्हणजे ॲक्सलला पाट्याशी आवळून धरणाऱ्या बोल्टचा, ताण गेला. नटला पाना लावला तर हाताने फिरला, दोन-तीन पूर्ण फेरे. उजवीकडचे पॅड कोरडे पण कडक होऊन चिरलेले, नट तिथेही ढिले पण कमी.

याची खात्री करायला एक छोटा कॅमेरा मागच्या बाजूला घट्ट बांधून पाट्याकडे तोंड करून लावला आणि गल्लीतच पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलरेटर दाब-सोड करत थोडं पुढे गेलो. व्हिडिओ हळू करून बघितला तर स्पष्ट दिसतं की ॲक्सल पाट्याच्या बैठकीवर गोल वळतोय, नाक वर, नाक खाली, आणि डावी बाजू पुढेमागे पण सरकतेय. काकांना दाखवलं, ते दोन मिनिटं गप्पच झाले, मग म्हणाले "हे असं घेऊन मी वेल्सला जाऊन आलो?"

इथे एक शंका राहते. पाट्याच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं आणि ॲक्सल जागेवर ठेवतं. यू बोल्ट बरेच दिवस ढिले राहिले तर हा बोल्ट तुटू शकतो आणि मग ॲक्सल तिरका बसतो. ते बघायला दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर टेपने मोजायचं, स्टिअरिंग अगदी सरळ ठेवून. एमजीबीचा व्हीलबेस ९१ इंच. उजवीकडे बरोबर, डावीकडे पाव इंच कमी, पण पहारीने ॲक्सल मागे रेटला की परत जागेवर. म्हणजे बोल्ट शाबूत, नुसता भोकातला ढिलेपणा.

पाट्याचा पुढचा बुश (टोकाच्या बोल्टभोवतीचं रबर), स्टीलच्या नळीवाला, पहार घालून हलवला तर डावीकडचा रबर सुटलेला. मागचे शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती पट्टी) बुश दोन्हीकडचे चपटे झालेले. ॲक्सल फार खाली लटकू नये म्हणून रबरी पट्टे असतात त्यातला डावा फाटलेला. शॉकॲब्सॉर्बरचे लिंक सोडून आर्म हाताने वरखाली केले, दोन्ही दिशांना एकसारखा जड विरोध पाहिजे, उजवा ठीक, डाव्याला दिशा बदलताना मध्ये थोडी मोकळी जागा, तेल कमी. तेल भरून बऱ्याच वेळा आर्म हलवल्यावर तो पण सुधारला. तिसरी तक्रार, सैलपणा, इथे जवळजवळ पूर्ण समजली. डिफचा काही संबंध नव्हता.

टक् मोजणे

आता मुख्य गोष्ट. गॅरेजवाल्याने जे हाताने केलं तेच आम्ही मोजून केलं. पिनियनच्या फ्लॅंजवर, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर, चुंबकवाला डिजिटल अँगल गेज चिकटवला, सुतारकामवाल्यांकडे मिळतो, काही पौंडांत येतो. फ्लॅंजवरच लावायचा, शाफ्टवर नाही, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या) क्रॉसमधला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, यात मिसळत नाही. क्रॉस वेगळे तपासले, हाताने पीळ देऊन आणि टॉर्चच्या उजेडात कपाकडे बघून, मागचा चांगला, पुढच्यात किंचित, ग्रीस दिल्यावर राहिलाच नाही.

गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी, गिअर न्यूट्रल, चारही चाकांना ठोकळे. पहिलं माप हँडब्रेक ओढून, फ्लॅंज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, २० अंश. दुसरं माप हँडब्रेक सोडून, चाकं फक्त ठोकळ्यांनी अडवलेली, २५ अंश.

ही दोन मापं वेगवेगळी का घ्यायची ते नीट समजून घ्या, कारण वायर व्हीलच्या गाडीत सगळी मजा इथेच आहे. वायर व्हील बोल्टने बसत नाही, हबवर दाते असतात आणि चाकाच्या आतल्या दात्यांमध्ये ते सरकून बसतं, वरून मधला मोठा नट ठोकून आवळायचा. ब्रेकचा ड्रम मात्र हबलाच बसलेला. म्हणजे हँडब्रेक ओढला की हब अडतो, आणि फ्लॅंजचं जे फिरणं उरतं ते हबच्या आतल्या बाजूचं, हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा), डिफ, क्राउन-पिनियन. हँडब्रेक सोडला की चाक जमिनीला अडतं आणि हब चाकाच्या आत जेवढा खेळतो तेवढं त्यात वाढतं. दोन मापांतला फरक म्हणजे चाकाच्या दात्यांची झीज. ब्रेक शू थोडे सरकू शकतात, म्हणून हँडब्रेक चांगला ओढायचा आणि दोन-तीनदा मोजायचं.

आणि हिशोब. फ्लॅंजवरचं फिरणं ३.९०९ ने वाढून दिसतं, पण डिफरन्शियल असल्यामुळे दोन्ही बाजूंची सरासरी धरायची. एका बाजूच्या चाकाला ४ अंश प्ले आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर सरासरी २, गुणिले ३.९०९, म्हणजे फ्लॅंजवर जवळजवळ ८ अंश. आमचा फरक ५ अंश, उलट गणित केलं की दोन्ही चाकांचा मिळून साधारण अडीच अंश. टायरच्या कडेला ते अर्धा इंच होतं. मग एकेक चाक उचलून, काकांनी ब्रेक पेडल दाबून धरलं आणि मी चाक पकडून मागेपुढे केलं, डावं चाक घट्ट, उजवं टायरला जवळपास अर्धा इंच हललं आणि हललं की टक्. गणित आणि चाक दोन्ही एकच बोलले की बरं वाटतं.

उजवं चाक काढलं. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, इथे हबचे दाते शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखे एका बाजूला कललेले आणि टोकदार. वर ग्रीसचा पत्ता नाही, नुसती लाल गंजाची भुकटी. लोक चाक बदलतात आणि हब जुना ठेवतात किंवा उलटं करतात, तसं केलं की नवीन वस्तू काही महिन्यांत जुन्यासारखी होते. उजव्या बाजूला हब आणि चाक दोन्ही नवीन घ्यायचं ठरवलं.

आता उरले २० अंश, हँडब्रेक ओढलेले, म्हणजे आतले. गॅरेजवाल्याच्या भाषेत हे क्राउन-पिनियन. पण क्राउन-पिनियनमधली मोकळीक इंचाच्या काही हजाराव्या भागांत असते, ती फ्लॅंजवर अंशात मोजली तर अर्धा-एक अंश भरेल. झीज धरून दुप्पट-तिप्पट माना, तरी २० होत नाहीत. वीस व्हायला प्ले क्राउनच्या पलीकडे असायला पाहिजे, कारण तिथला प्ले चौपट होऊन दिसतो. क्राउनच्या पलीकडे काय आहे, तर डिफच्या पिंजऱ्यातले चार गिअर, दोन छोटे क्रॉस पिनवर फिरणारे, दोन मोठे हाफ शाफ्टला जोडलेले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअर भिंतीवर घासू नये म्हणून मध्ये ठेवलेली पातळ चकती. हे वॉशर झिजणं हा एमजीबीचा जुना आणि माहीत असलेला रोग आहे, बॅंजोत पण आणि ट्यूबमध्ये पण. वॉशर पातळ झाले की गिअर पिंजऱ्याच्या भिंतीकडे सरकतात, दात एकमेकांपासून लांब जातात आणि प्रत्येक दाब-सोडीला टक्. किंमत म्हणाल तर पूर्ण सेट एका साध्या जेवणाच्या बिलात येतो. आणि ट्यूब ॲक्सलला तो ॲक्सल गाडीखालून न उतरवता बदलता येतो.

दुरुस्तीचा क्रम

क्रम मुद्दाम बाहेरून आत ठेवला, आणि प्रत्येक टप्प्यानंतर परत चालवून बघितली, नाहीतर कशाने काय गेलं ते कळतच नाही. आधी पाटे. नवीन पॅड, नवीन यू बोल्ट, नवीन बुश, नवीन पट्टा, ब्रीदर उकरून साफ. बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना, पाट्यावर पूर्ण वजन असतानाच शेवटचे आवळायचे, हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. हे एवढं साधं पण बऱ्याच ठिकाणी असं होत नाही. यू बोल्टचे चारही नट थोडे थोडे, आळीपाळीने.

एवढ्यावर गाडी चालवली तर शेपटी हलणं पूर्ण बंद. टक् पण निम्मा झाला, आणि हे मला वाटतं लक्षात घेण्यासारखं आहे, कारण टक् मध्ये ॲक्सल बैठकीवर आपटण्याचा भाग पण होता, तो फ्लॅंजच्या मापात येतच नाही. जर आधी डिफ उघडलं असतं तर डिफ करूनही टक् राहिला असता आणि मग काका म्हणाले असते कामच नीट झालं नाही.

नंतर उजवा हब. हबचा नट वायर व्हीलच्या हबच्या खोल नळीत आत असतो, त्यामुळे पातळ भिंतीचा खोल सॉकेट लागतो, साधा आत जातच नाही. आवळायचा १५० पाउंड-फूट आणि वरून नवी स्प्लिट पिन. हबच्या बाबतीत एक धोक्याची गोष्ट. डाव्या बाजूच्या हबला सरळ आटे आणि उजव्या बाजूच्याला उलटे आटे असतात, अशासाठी की मधला नट चालताना सैल होऊ नये. कुणी जुन्या गाडीचे हब घेऊन बाजू उलटसुलट लावल्या तर नट आपोआप सुटतो आणि चाक निघून जातं, असं खरंच झालेलं आहे लोकांचं. जुना भाग घेताना अजून एक, वायर व्हीलच्या गाडीचा ॲक्सल बोल्टच्या चाकांवाल्यापेक्षा रुंदीला कमी असतो, त्यामुळे "एमजीबीचा ॲक्सल आहे" एवढ्यावर विकत घेऊ नका. दात्यांना पातळ ग्रीस लावून चाक बसवलं, परत मोजलं, हँडब्रेक ओढून २०, सोडून साडेवीस. फरक संपला.

मग डिफ. तेल काढलं, मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या तळाशी बारीक राखाडी चिखल, बोटावर घासला तर गुळगुळीत, दाताचे तुकडे नाहीत, चकाकणारे कण नाहीत. क्राउनचे दात स्वच्छ, खपली उडालेली नाही. दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर घेतले, याला हब आणि ब्रेकची बॅकप्लेट सोडावी लागते, ट्यूब ॲक्सलचं खरं कष्टाचं काम हेच. क्रॉस पिन अडवणारी बारीक पिन पंचने ठोकून काढली, क्रॉस पिन काढली, छोटे गिअर फिरवत बाहेर आले आणि वॉशर हातात. छोट्या गिअरचे वॉशर जवळजवळ कागदासारखे, एक तर फुटून दोन तुकडे. क्रॉस पिनवर जिथे गिअर फिरतात तिथे नखाला लागेल असा खड्डा, म्हणून पिन पण नवी. पिंजऱ्याची भोकं बघायला विसरू नका, ती लांबट झाली असती तर नुसत्या वॉशरने भागलं नसतं. आमची गोल होती. मोठ्या गिअरचे वॉशर बरे होते तरी बदलले, एवढं उघडून दोन पौंडासाठी कोण परत उघडणार.

सगळं बसवून, झाकणाला नवीन गॅस्केट, ईपी ९० गिअर तेल साधारण पाऊण लिटरच्या थोडं वर. मोजलं तर हँडब्रेक ओढून ८ अंश. वीसावरून आठ. रस्त्यावर टक् नाही, ट्रॅफिकमध्ये गाडी सरपटते तरी नाही, मुद्दाम पाय आपटला तर कुठेतरी खोल हलका आवाज येतो पण तेवढा त्या काळच्या नव्या गाडीतही यायचा.

घों राहिला

हो, राहिला. ५० ते ५५ मैलांत हलक्या पायावर आहे, नवीन टायरमुळे बाकीची भणभण गेल्याने उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येतो. काका म्हणाले, आता उघडलंच आहे तर तेही करून टाक. मी नको म्हणालो आणि त्याचं कारण सांगतो. पिनियनचा फ्लॅंज धरून पुढेमागे ओढून बघितला, सरळ रेषेत काहीच हालचाल नाही, म्हणजे पिनियनची बेअरिंग ढिली नाहीत. दातांवर जखम नाही, तेलात लोखंड नाही. आवाज जुना आहे, काकांच्या आठवणीत पंधरा-वीस वर्षं तरी आहेच आणि वाढलेला नाही. ट्यूब ॲक्सलच्या पिनियनवर दाबून आकसणारा एक स्पेसर असतो, त्यानेच बेअरिंगचा ताण ठरतो. पिनियनचा नट सोडून नुसता परत आवळला, जसं बरेच जण सील बदलताना करतात, तर तो ताण बिघडतो, आणि आज न बोलणारी बेअरिंग सहा महिन्यांत बोलायला लागतात. क्राउन-पिनियन एकमेकांबरोबर घासून बसलेली जोडी असते, ती उगाच हलवली तर घों जाण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त. मग हजार पौंडाचं काम करून आवाज तोच, असं होतं.

पिनियन सीलचं पण तेच. गळती ब्रीदर उघडल्यावर इतकी कमी झाली की आता महिनाभरात गाडीखालच्या पुठ्ठ्यावर एखादा डाग पडतो, त्यासाठी नट सोडायचा नाही असं ठरलं. तेलाची पातळी बघत राहायची, पाट्यांच्या पॅडकडे तेल परत पोचतंय का ते बघायचं, बस. काही शे मैल झाल्यावर यू बोल्ट परत तपासले, डावीकडे चारही नटांनी जवळपास पाव फेरा घेतला, नवीन रबर बसतं तसं, उजवीकडे काही नाही. ८ आणि साडेआठ हे दोन आकडे काकांच्या सर्व्हिस वहीत तारखेसकट लिहिलेत, दरवर्षी हिवाळ्यात गाडी झाकायच्या आधी परत मोजायचे. ते वाढायला लागले, किंवा ॲक्सलरेटर सोडल्यावर सुद्धा घों जोरात यायला लागला, किंवा तेलात चकाकणारं काही दिसलं, यातलं काहीही झालं तर पिनियन उघडू, आणि तेव्हा मात्र अर्धवट नाही, बेअरिंग, स्पेसर, सील सगळं एकदम आणि ज्याला प्रीलोड (बेअरिंगचा ताण) मोजता येतो अशा माणसाकडून.